चालून साखर उतरली

मंगळवार, माघ. बेंबळी.

मन थाऱ्यावर नाही. डॉक्टरांनी ह्यांना चालायला सांगितलंय. सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं आणि काही न खाताच दोन कोस चालून आले. घामाघूम, हात थरथरत होता. म्हणाले, "थोडी साखर दे."

मधुमेहात साखर कशी द्यायची? मी डबा मागं सारला. हे उंबऱ्यातच मटकन बसले, बोलणं अडखळू लागलं.

शेजारचे कंपाउंडर धावत आले. "वहिनी, चालून साखर उतरलीय. लवकर साखरपाणी द्या."

घोटाघोटानं माणूस ताळ्यावर आला. तो थरथरता हात डोळ्यांपुढून हलत नाही.

जेवताना हे म्हणाले, "मीच बजावलं होतं ना, मागितली तरी देऊ नको म्हणून?" ते हसले. मला हसता आलं नाही.