मागचा पंखा

३ मार्च, रविवार

शांतता किती महाग पडते त्याचा हिशोब: दोन नवे पंखे, एक अख्खा रविवार, उजव्या अंगठ्याचं साल, दुपारची झोप आणि मेहुणीचा एक टोमणा. पंखे आपल्याच दुकानातले, ते सोडून देऊ. टोमणा मात्र जन्मभर वाजणार. हिच्याशी फोनवर बोलता बोलता मागचा आवाज ऐकून म्हणाली, "ताई, भावजींनी घरात गिरणी टाकली का गं?"

गिरणी म्हणजे हिचा संगणक. ही अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचते, माइकवर, घरूनच. वाचायची, म्हणजे. गेल्या वर्षी मानेचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून माइकला हात लावलेला नाही. आता ग्रंथालयातल्या सरांचा निरोप आलाय – नवी कादंबरी आहे, सोमवार ११ तारखेपर्यंत पहिलं प्रकरण नमुना म्हणून पाठवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

ही म्हणते, "वाचलं असतं हो. पण या पंख्यांच्या घरघरीत कसं वाचू?"

एवढंच ना? मग आजच संगणकाचे दोन्ही पंखे बदलले, पुढचा आणि मागचा. आणि एवढं करून घरघर आहे तिथेच!

४ मार्च, सोमवार

आज दुकान भागीदारावर सोडलं. खोका उघडला, कान लावला. घरघर दोन प्रकारची. एक पत्र्याची – स्क्रू काढून पंखे रबरी खुंट्यांवर बसवले, गेली. दुसरी वाऱ्याची – ती वेग उतरवल्याशिवाय जात नाही. पुढचा मोठा पंखा गरीब स्वभावाचा, त्याच्या वाटेला गेलो नाही. सगळा कांगावा मागच्याचा.

पंख्याने किती फिरायचं हे संगणकातच ठरवता येतं. संगणक चालू ठेवून मागच्याचा वेग थोडा उतरवला, ऐकलं, आणखी उतरवला. अगदी थांबायला आला, तिथून केसभर वर. बस! तिथेच कायमचा बांधून टाकला.

पडद्यावर फेऱ्यांचा आकडा दिसतो. तो झाकला. आकडे बघून काम करायचं तर कान कशाला? दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हा कुठे होती यंत्रं? या दोन कानांवर दुकान उभं केलंय. भागीदार उगाच म्हणत नाही, "तुझ्या कानांचा विमा उतरव बाबा."

संगणक बंद करून जेवायला उठलो. भूक जाम लागली होती.

५ मार्च, मंगळवार

सकाळी सुरू केला. अहाहा! हिला हाक मारली. "ऐक."

"काय ऐकू? काहीच नाही ऐकू येत."

"मला येतो ना. मागचा पंखा. रेशमी कापड सरकावं तसा."

ही खोक्याकडे बघते, माझ्याकडे बघते. "धन्य आहे तुमच्या कानांची!"

आहेच मुळी.

६ मार्च, बुधवार

वाचलं नाही. आज म्हणे खुर्ची करकरते. तेल घातलं.

७ मार्च, गुरुवार

आज म्हणे शेजारचा कुत्रा. शेजारी कुत्र्यासकट परगावी गेलेत!

दुकानात असं गिऱ्हाईक ओळखता येतं. तक्रार एका भागाची आणतं, दुखणं भलतीकडेच असतं. चहाच्या वेळी विचारलं, "खरं सांग. अडचण पंख्याची होती?"

बराच वेळ रिकामी बशीच पुसत राहिली. मग म्हणाली, "माझा आवाज मलाच परका वाटतो हो. ऐकणाऱ्यांकडे पुस्तक म्हणून तेवढंच असतं. असलं काहीतरी त्यांच्या कानात कसं घालू?"

"कसला परका? होता तसाच आहे. तसूभर फरक नाही."

"माझी समजूत काढताय."

"अगं, ज्या कानांना मागचा पंखा ऐकू येतो, ते कान सांगतायत! आवाजाच्या बाबतीत मी कधी कुणाला फसवलंय?"

 तिने बशी खाली ठेवली.

८ मार्च, शुक्रवार

काही नाही. माइकवरची धूळ पुसलेली दिसली.

९ मार्च, शनिवार

दुकानातून आलो तर खोलीचं दार बंद. आत वाचतेय! चपला हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर दूध उतू जात होतं. जाऊ दिलं. भांडं वाजवलं नाही.

बाहेर आली तेव्हा चेहरा लाल. "पाठवून दिलं. पुन्हा ऐकलंसुद्धा नाही, ऐकलं असतं तर पाठवलं नसतं. तुम्ही म्हणालात म्हणून वाचलंय हं."

१३ मार्च, बुधवार

सरांचा फोन. सरांना दिसत नाही. प्रत्येक नमुना ते स्वतः ऐकतात, मगच पुस्तक देतात. हिने फोन मधे ठेवला, मलाही ऐकू यावा म्हणून.

"बाई, आवाज बदललाय तुमचा. खाली उतरलाय, खरखर आलीय. तुम्हीच का, हे कळायला मला पानभर थांबावं लागलं."

हिने टेबलाची कड धरली. मी खिडकीकडे बघत बसलो.

"पण या कादंबरीतली आई अशीच बोलणार. आधीच्या आवाजात ती मला पटली नसती. पुढचं प्रकरण कधी देताय?" आणि मग – "आणि खोली काय शांत मिळालीय हो तुम्हाला!"

फोन ठेवल्यावर ही डोळे पुसून माझ्याकडे वळली. "तसूभर फरक नाही, ना?"

"सरांच्या फोनमध्ये दोष असेल."

हसली. बऱ्याच दिवसांनी अशी.

पण इथे लिहायला हरकत नाही – मी तिची समजूत काढली नव्हती. मला खरंच तोच आवाज ऐकू येतो. आजही.

१७ मार्च, रविवार

ही चौथं प्रकरण संपवून उठली, तेव्हा धूळ झटकायला खोका पुढे ओढला. चालता पंखा तेवढ्या वेगावर चालत राहतो, पण एकदा थांबला की तिथून पुन्हा सुरू होत नाही. ४ तारखेला जेवायला उठताना संगणक बंद केला, तेव्हा थांबलेला मागचा पंखा तेव्हापासून बंदच. पात्यापात्यांतून कोळ्याने जाळं विणलंय. अख्खं. कुठेही तुटलेलं नाही.