ह्यांच्या वतीने

४ मार्च

घोळ घातला मी! सहा महिने थांबून आजची तारीख मिळाली होती. अर्ज तपासणाऱ्या बाई खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसल्या. विचारलं — "तुम्हाला स्वतःच्या इच्छेने मरण हवंय का?" ह्यांचे ओठ हलायच्या आत मीच म्हणाले, "हो, हवंय त्यांना."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

दोन वर्षं हेच करतेय. ह्यांचे स्नायू एकेक करून संपत चाललेत, एका वाक्याला पाच मिनिटं लागतात. बँकेत, दवाखान्यात, फोनवर — ह्यांच्या वतीने मीच. आज जीभ सवयीने चालली. नियम म्हणे, उत्तर दुसऱ्याने दिलं की अर्ज बाद. चाळीस दिवसांनी पुन्हा. जगायला कुणी अर्ज मागत नाही, मरायला नऊ पानं!

५ मार्च

हे बोलत नाहीत. म्हणजे मुद्दाम.

७ मार्च

आज बोलले. "एवढं... एक तरी... मला बोलू द्यायचंस." हनुवटीवरचा चहा पुसता पुसता मला रडूच आलं. मग म्हणाले, "देवाने... नाव विचारलं... तरी तूच... सांगशील." हसलो दोघं. फार दिवसांनी.

१५ मार्च

लेकीचा फोन. "आई, हे बाबांना हवंय की तुला?" तोंडाला येईल ते बोलते कार्टी! आपटलाच फोन.

मला कशाला हवं असेल? दर दोन तासांनी कूस बदलून देते, कधी तक्रार केलीय? मग ते "हो" इतकं पटकन कसं आलं?

२ एप्रिल

काही सुचत नाही. ह्यांचे हाल बघवत नाहीत, अगदी खरं. पण बघवत नाही मला. मग सुटका कुणाची?

शेजारच्या वकिलांना विचारलं, हा इच्छामरणाचा नवा कायदा बरा की वाईट. "वहिनी, कायदा एवढंच बघतो, इच्छा ज्याची त्याची आहे ना." एवढंच! चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांची कुठली नि माझी कुठली, हे निवडून कोण देणार?

१२ एप्रिल

उद्या मी खोलीबाहेर बसायचं. ह्यांची दाढी करून दिली. "काय सांगणार?" विचारलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

१३ एप्रिल

पाऊण तासाने बाई दार उघडून बाहेर आल्या. "अर्ज मागे घेतला त्यांनी. स्वतः म्हणाले, जगायचंय."

मी म्हणाले, "म्हणजे अजून किती दिवस?"

दार उघडंच होतं. ह्यांनी ऐकलं.