वाट पाहिली असती

प्रिय नवनीत,

सत्तावीस वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. परवा भाजी घेताना तुझी बहीण मयूरी भेटली, तिच्याकडून तुझा सुरतेचा पत्ता घेतला. तू आजोबा झालास, हेही तिनेच सांगितलं. इकडे मिरचीचा हंगाम आहे. वारा आला की सारं नंदुरबार ठसकतं. आमचे हे गेले, त्याला चार वर्षं झाली. भला माणूस होता. आता भावाची मुलगी रुचिका माझ्याकडे राहते, इंग्रजी घेऊन एम.ए. करते.

गेल्या आठवड्यात ती कादंबरीतला एक उतारा मला मराठीत सांगत होती. एक म्हातारी फाटकाशी बसून मुलाची वाट पाहायची, असं काहीसं. मी पुस्तकात डोकावले. तिथे 'वुड' होतं. मी म्हटलं, अगं, वुड म्हणजे 'असती'; वाट पाहिली असती, म्हणजे पाहिली नाही. ती म्हणाली, "तसं नही शे, फुई. ती वाट दखे. रोज दखे." म्हणजे खरोखरच पाहायची. मग तिने समजावलं, की जुन्या दिवसांची गोष्ट सांगताना, पुन्हा पुन्हा घडलेल्यासाठी इंग्रजीत हाच शब्द येतो. आपल्याकडे 'पाहायची' आणि 'पाहिली असती' यांत केवढं अंतर; त्यांच्याकडे दोन्हींना एकच शब्द. मी उठून कुकर लावला आणि त्यात पाणी घालायचंच विसरले.

तुझं शेवटचं पत्र आठवतं? आमच्या रनाळ्याच्या घरी कुणाला इंग्रजी येत नाही म्हणून तू सगळं इंग्रजीत लिहायचास. मी शब्दकोश घेऊन गोठ्यामागे बसायचे. त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. एरवी मी रविवारच्या पॅसेंजरने तुमच्या खांडबाऱ्याला मामांकडे यायचे; ते चार महिने जमलं नाही, निरोपही धाडता आला नाही. मग तुझं पत्र आलं, सुरतेला नोकरी लागली, निघतोय. आणि खाली, 'ऑन संडेज आय वुड वेट फॉर यू ॲट द स्टेशन.' मी अर्थ लावला: रविवारी स्टेशनवर तुझी वाट पाहिली असती. म्हणजे पाहिली नाही. मला वाटलं, मी आईला सोडून निघू शकत नव्हते, आणि ह्याला गावातल्या गावात स्टेशनपर्यंतही येववलं नाही. वर ते सुबक इंग्रजीत कळवतोय. वडिलांनी आणलेल्या स्थळाला मी दुसऱ्याच दिवशी हो म्हटलं.

चार महिने म्हणजे सोळा-सतरा रविवार. पॅसेंजर यायची, तू एकेका डब्याकडे बघत उभा असायचास. हे सगळं मी आता, पन्नाशीला आल्यावर, पाहते आहे.

पण नुसता अर्थ कळला म्हणून हे पत्र लिहीत नाहीये. त्यानंतर सुरतेहून तुझी दोन पाकिटं आली होती. मी ती न फोडता परत पाठवली. त्यांत काय होतं ते आता सांगू नकोस. एका शब्दाने आपला घात केला, असं म्हणून मला सुटता येईल, पण ते खरं नाही. 'तू थांबायचास का?' एवढं मराठीत विचारलं असतं तरी पुरे होतं. मी विचारलं नाही. तू थांबला होतास, नवनीत. मला कळलंय.

तेव्हा लिहायचं राहून गेलं, ते आता लिहिते,

तुझीच
चारुलता