मशीन थांबायचं तेव्हा

२ डिसेंबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

तू मजेत असशील असं लिहिणार होते, पण तुझा गुडघा मजेत नाही हे आईने सांगितलंय. तेव्हा आधी गुडघ्याला नमस्कार, मग तुला. मशीनला मोटर बसव म्हटलं तर ऐकत नाहीस. पाय चालवल्याशिवाय शिवण सरळ येत नाही, हे तुझं शास्त्र कोणत्या पुस्तकात आहे ते कळव.

बातमी अशी की कॉलेजने मला पुढच्या वर्षीही ठेवलंय. आईला सांग. भावजींना सांग की मी पुढारी तयार करत नाही. 'परिवर्तनकारी नेतृत्व' हे विषयाचं नाव ऐकल्यापासून ते मला 'काय पुढारीणबाई' म्हणतात. खरं तर गोष्ट साधी आहे. 'हे कर, मग ते देईन' असं म्हणून काम करून घेणारी माणसं असतात. आणि काही माणसं अशी असतात की त्यांच्यासोबत राहून आपल्यालाच आपण आहोत त्यापेक्षा मोठं व्हावंसं वाटतं. मी या दुसऱ्या माणसांबद्दल शिकवते. म्हणजे, ते शिकवता येतं का हे बघते आहे.

त्यासाठी मी वर्गात खुर्चीची पद्धत सुरू केली. रोज एक जण माझ्या खुर्चीत बसतो. त्याने हुकूम सोडायचा नाही, उपदेश करायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. बाकीच्यांनी खरी उत्तरं द्यायची. मीसुद्धा.

परवा प्राचार्य तास बघायला आले आणि मागच्या बाकावर बसले. नेमकी त्या दिवशी खुर्ची मौनीची होती. सगळे तिला मौनी म्हणतात, कारण वर्षभरात तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकू आलाय. एक मुलगा कुजबुजला, "बाई, आज बदला कोणीतरी. तुमची नोकरी जाईल." मला मोह झाला. पण मोडायचा तर नियम करायचा कशाला?

मौनी खुर्चीत येऊन बसली. मग मलाच म्हणाली, "बाई, तुम्हाला कोणी बदललं?"

मी तुझं सांगितलं. आईचे हात दुखायला लागले तेव्हा तू शाळा सोडून मशीनवर बसलीस. मी शाळेतून आले की म्हणायचीस, "काय शिकलीस आज? मला शिकव." मी सांगत असे आणि तू शिवत असायचीस. मशीन चालू आहे तोवर ठीक. मशीन थांबलं की समजायचं, माझं सांगणं नीट झालेलं नाही, पुन्हा सांगायचं. घरातली पहिली पदवी मला मिळाली ती त्या थांबण्यांमुळे, असं मी म्हटलं. प्राचार्यांनीही मान डोलावली.

मौनीने नाही डोलावली. तिने विचारलं, "तुमच्या ताई मशीन थांबवायच्या ते तुम्हाला यावं म्हणून, की त्यांना जाणून घ्यायचं होतं म्हणून?"

ताई, खरं उत्तर द्यायचा नियम माझाच. मी म्हटलं, "मला माहीत नाही." मग वर्गच बोलायला लागला. कोण म्हणे तुमच्यासाठी, कोण म्हणे स्वतःसाठी, दोन्ही का नसेल, भांडणच जुंपलं. घंटा झाली तरी कोणी उठेना. प्राचार्य जाताना म्हणाले, "तास उत्तम. फक्त शिकवलं कोणी ते कळलं नाही."

फोनवर हे विचारलं असतं तर तू 'गिऱ्हाईक आलंय' म्हणून ठेवून दिला असतास. म्हणून पत्र.

काल मी परीक्षा मंडळाच्या ऑफिसात जाऊन विचारून आले. शाळेची राहिलेली परीक्षा बाहेरून देता येते, वयाची अट नाही. तिथल्या कारकूनबाईंनी विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." तू चिडू नकोस. तुला काही व्हायला लावायचा मला अधिकार नाही, आणि माझ्या विषयातही तसं बसत नाही. नको असेल तर नको. मला फक्त खरं काय ते हवंय.

कारण एक गोष्ट मी वर्गात सांगितली नाही. भरती-ओहोटीचा धडा आठवतो? परीक्षा संपली, पुस्तकं बांधून ठेवली, आणि काही दिवसांनी मशीनच्या पायपट्टीवरून पाय काढून तू म्हणालीस, "पण चंद्र एकच, मग भरती दिवसातून दोनदा का?" मला येत नव्हतं. मी म्हटलं, "आता कोण विचारणार आहे ते!" तू पुन्हा पाय चालवलास.

मला आता त्याचं उत्तर येतं. सांगेन. पण आधी तू माझ्या प्रश्नाचं दे. गुडघाही दुखतोच आहे, तेव्हा मशीन थोडं थांबव आणि सावकाश लिही. नाही समजलं तर पुन्हा विचारीन.

ऐकायला बसलेलं,
तुझं शेंडेफळ