माळ्याचे दोन झरोके आणि एक तपकिरी स्वेटर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम (आता निवृत्त), शिडीच्या वरच्या पायरीवर, डोकं माळ्यात आणि पाय घरात अशा अवस्थेत, पण पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शेजारच्या नर्सबाईंनी नाडी पाहिली आहे. शिडी धाकट्या भावाने धरली आहे. वर काय लिहिलं जातंय हे त्याला ठाऊक नाही.

१. घर मुलीला. अट एकच: माळ्याचे समोरासमोरचे दोन्ही झरोके बारा महिने उघडे राहावेत. स्वयंपाकाची, आंघोळीची सगळी वाफ वर चढते. तिला वाट दिली नाही तर ती लाकडात मुक्काम ठोकते. चिमण्या येतात म्हणून जाळी लावावी, बोळा कोंबू नये.

२. जावईबापूंची रिकामी खोकी झरोक्यापासून हातभर लांब राहतील. टीव्ही भंगारात जाऊन सहा वर्षं झाली, तरी "बाबा, वॉरंटी आहे" म्हणून खोकं जिथल्या तिथे. एकही खोकं पुढे सरकलं, तर घराची मालकी त्या दिवसापुरती शेजारच्या मांजराकडे जाईल. खोक्याचं काय करायचं ते त्याला कळतं.

३. माझा रंधा, पटाशा आणि सगळ्या करवती धाकट्या भावाला. कारण लिहिणं भाग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी माळ्यावरच्या गाद्यांना बुरशी आली, दोन वासे कुजले. भावाची ट्रंक एका झरोक्यासमोरच्या पाण्याच्या टाकीशेजारी होती. तिनेच झरोका अडवला असं ठरवून मी ट्रंकेसकट त्याला घराबाहेर काढलं. तो म्हणाला, "दादा, तिकडून आधीपासूनच हवा येत नव्हती रे." मी म्हणालो, "चोराच्या उलट्या बोंबा!" पुढेही दरवर्षी बुरशी आली. तो मी त्याचा तळतळाट समजलो. टाकीमागे वाकून पाहिलं नाही, कारण सुतार मी होतो.

४. गेल्या सोमवारी नळवाल्याने टाकी सरकवली आणि झरोक्यातून माझाच तपकिरी स्वेटर ओढून काढला. वाशांच्या ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून मीच कोंबलेला. त्याला टाचणीने चिठ्ठी लावली होती, अक्षर माझं: "पॉलिश वाळलं की काढणे. विसरू नये." चूक माझी होती. मला फार लाज वाटते. म्हणून एकोणीस वर्षांनी भावाला घरी बोलावलं, शिडी धरायचं निमित्त सांगून.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात हे मला माहीत आहे. पण एवढी वर्षं वाया घालवल्यावर आणखी थांबवेना. कलम तीन आणि चार मी इथूनच मोठ्याने वाचली. मग भाऊ म्हणाला, "तपकिरी? तो मी दिला होता ना, पहिल्या पगारात? मला वाटलं, तू टाकून दिलास."

६. स्वेटर कोणालाही देत नाही. मी तो घातला आहे.

सही वाकडी आली आहे. शिडी हलते आहे, कारण धरणारा रडतो आहे. मृत्युपत्र करणारा शुद्धीवर आहे.

साक्षीदार: १. नर्सबाई, २. नळवाला
ठिकाण: माळ्याचं तोंड, दोन्ही झरोके उघडे
तारीख: नऊ नोव्हेंबर