आठ-आठ-आठ आणि अनिताची स्कूटी

१६ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून आयुष्य बदललं. कंपनीत पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. विषय : वेळेचं नियोजन. दिवसाचे तीन सारखे भाग करायचे. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास घर आणि छंद. हॉलमध्ये सगळे पेंगत होते. मी एकटा टक्क जागा. लाईन लीडर उगाच नाही झालो.

घरी येऊन जाहीर केलं. आई शेंगा फोडत होती, ती हसली. अनिता भाकरी थापत होती. म्हणाली, "मग त्या घराच्या आठांतला एक तास मला द्या. स्कूटी शिकवा."

तिचं म्हणणं बरोबर आहे. शिरूरला शाळेचे गणवेश शिवायचं युनिट आहे, तिथे तिला कटिंगचं काम मिळालंय. सोळा मार्चला हजर व्हायचं. सकाळच्या त्या वेळेला आमच्या निमोण्यातून एसटी नाही. स्कूटी आली तर नोकरी, नाहीतर ते दुसरीला घेणार. स्कूटी माझी दारात उभीच असते, मी कंपनीच्या बसने जातो. शब्द दिला. रोज एक तास. महिना हातात आहे. हा काय विषय आहे?

१७ फेब्रुवारी
बसमधल्या वेळाचा प्रश्न आला. तो कामात धरायचा की घरात? विचार करता करता बसमध्येच झोप लागली, म्हणजे तो झोपेत धरायचा. मग रात्री तेवढं कमी झोपायला हवं होतं, पण सवयीने पूर्ण झोपलो. झोप जास्त झाली. जास्तीची कुठून तरी वळती करावी लागणार. घरातून केली.
स्कूटी : उद्या.

१९ फेब्रुवारी
महत्त्वाचा निर्णय. माझ्या लाईनवर नवीन ऑपरेटरला ट्रेनिंगशिवाय मशीनला हात लावू देत नाही. मग घरच्या माणसाला कसा लावू देऊ? आधी थेअरी, मग प्रॅक्टिकल. चार लेव्हल. चावी चौथ्या लेव्हलला.

लेव्हल वन आजच घेतली. ती गोठ्यात धार काढत होती, मी दारात उभा राहून स्कूटीचे भाग सांगितले. सीटपासून सुरुवात केली. अनिता म्हणाली, "सीट मला माहिती हाय वो. चावी कवा देणार?"
घाई. सगळ्या नव्या ऑपरेटरांचा हाच दोष.

२२ फेब्रुवारी, रविवार
आज सुट्टी, म्हणून थेअरीला चांगला वेळ होता. पण शेजारच्या गावात टेनिस बॉलच्या मॅचेस होत्या, आणि मी अंपायर. छंदाचे तास आठवडाभर साचले होते, ते आज एकदम वापरले. हिशोब बरोबर बसला.

संध्याकाळी आई म्हणाली, "रोहिदासा, तुझं घराचं आठ तास उगावत्यात कुठं रं? आमाला तर दिसंना."
म्हातारीला सरासरी ही कल्पना समजत नाही.

२५ फेब्रुवारी
फ्रिजवर स्किल मॅट्रिक्स चिकटवला, कंपनीत असतो तसाच. अनिताच्या नावापुढे एक गोल, गोलाचे चार भाग. एक लेव्हल झाली की एक भाग रंगवायचा. आज एक रंगवला. ती बघतच राहिली. प्रांजल, आमची नववीतली, म्हणाली, "पप्पा, तुमच्या नावाचा गोल कुठाय?" म्हटलं, मी ट्रेनर. ट्रेनरला गोल नसतो. "मग चपात्या करायचा गोल?" म्हणाली. मुलं हल्ली फार बोलतात.

२७ फेब्रुवारी
स्कूटीतलं पेट्रोल कमी होतंय. मी तर चालवत नाही. उन्हाने उडत असणार. स्कूटीवर गोणपाट टाकलं.

माझ्या लाईनवरचा सत्तार आमच्याच गावचा. त्याची बायको आसियाभाभी हल्ली रोज दुपारी आमच्याकडे येते. दोघी आईला घेऊन मळ्याच्या रस्त्याला फिरायला जातात म्हणे. चांगलं आहे, व्यायाम होतो. पण बायकांचा वेळ असा जातो आणि मग म्हणतात वेळ नाही. अनिताला नियोजन शिकवायला हवं. लेव्हल चारनंतर बघू.

३ मार्च
धुळवड. अनिताच्या कोपराला खरचटलंय, वर हळद. विचारलं तर म्हणाली, धडपडले. कुठे? "रस्त्यात." चालताना लक्ष नसतं हिचं. अशा माणसाला चावी दिली असती तर? माझी पद्धत किती बरोबर होती!

आईसुद्धा कंबर धरून चालतेय. म्हणाली, "मागं बसले व्हते ना, तवा खड्ड्यात..." आणि एकदम गप्प झाली. कुणाच्या मागे? "तुझ्या बापाच्या मागं, सायकलीवर. लई वर्सं झाली. कंबर आत्ता दुखाय लागली."
म्हातारपण वाईट. डॉक्टरकडे न्यायला हवं. घराच्या तासांत बसवतो.

९ मार्च, सोमवार
सेकंड शिफ्ट लागली. सुवर्णसंधी! दुपारपर्यंत सगळी सकाळ माझी. या आठवड्यात लेव्हल टू, थ्री, फोर सगळं उरकणार. पहाटेचा अलार्म लावला होता. तो अनिताने बंद केला. म्हणाली, "तुमी हललाबी न्हाई, निस्ती आमची झोप मोडली." मग तिनेच उठून स्वयंपाक, डबा, झाडलोट केली. मला जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलेलं. नाश्ता केला, मोबाईलवर वेळेच्या नियोजनाचे दोन व्हिडिओ पाहिले. दुसऱ्यात एक जण सांगत होता की मोबाईल बाजूला ठेवा. फार पटलं. म्हणून त्याचे आणखी पाहिले.

११ मार्च
आज तोंडी परीक्षा घेतली. वेळ कमी, म्हणून लेव्हल टू आणि थ्री एकत्र. प्रश्न : ब्रेक कसा दाबायचा? ती पीठ चाळता चाळता म्हणाली, "निस्ता पुढचा दाबला की खडीवर गाडी सरकती. मागचा आधी धरायचा, मग दोनी संगट. आन् वळणाला तर दाबायचाच न्हाई, आधीच स्पीड कमी करायचा."

मी थक्क. खडी तर माझ्या थेअरीत नव्हतीच! एवढ्या कमी शिकवण्यात एवढं आकलन. याला म्हणतात ट्रेनर.

गोलाचे दोन भाग रंगवायला फ्रिजपाशी गेलो तर पूर्ण गोल आधीच कुणीतरी हळदीने भरून टाकलेला. आई म्हणाली, मला काय माहिती. अनधिकृत नोंद. पुसायला गेलो तर कागद फाटला.

१४ मार्च, शनिवार
सत्तारला सांगितलं, उद्या पूर्ण आठ तास घराला देणार, एका दिवसात प्रॅक्टिकल संपवणार. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लीडर, तुमी देवमाणूस." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. हसल्यामुळे असेल.
उद्या सकाळी सात. चावी खिशात.

१५ मार्च, रविवार
ऐन वेळी फोन. फायनल, आणि दुसरा अंपायर आजारी. गाव म्हणजे समाज. समाजाचेही तास असतात, ते मॅडम विसरल्या होत्या.

परत आलो तर अंधार पडत होता. अनिता कटिंगच्या कात्रीला धार लावून ती फडक्यात गुंडाळत होती. मलाच वाईट वाटलं. म्हटलं, युनिटच्या बाईंना मी स्वतः फोन करतो, आठ दिवस मागून घेतो, लेव्हल फोर तेवढी राहिलीय.
म्हणाली, "नका करू."
म्हटलं, मग जाणार कशी? म्हणाली, "बघू." रागावली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. रात्री कूस बदलताना मनात आलं, ही नोकरी गेली तर ती मला काही बोलणार नाही. बोलणारच नाही कधी. मग लगेच झोप लागली.

१६ मार्च, सोमवार
आज पुन्हा फर्स्ट शिफ्ट. आठवडाभराच्या सवयीने उठायला उशीर. फाट्यावर धावत पोचलो, तर बसची फक्त धूळ. दात घासायचा ब्रश अजून हातातच होता. आता? अर्ध्या दिवसाचा पगार आणि लीडरची इज्जत.

मागून हॉर्न. वळून बघतो तर स्कूटी. तिच्यावर अनिता, डोक्याला स्कार्फ, पायापाशी कात्रीची पिशवी. चावी तर माझ्या खिशात! चाचपली. खिशातच होती. म्हणाली, "दुसरी चावी डाळीच्या डब्यात असती, लग्नापासून. बसायचं का? बस शिरूरला बायपासला माणसं घ्यायला थांबती. गाठू."

बसलो. मागे.

थेअरीप्रमाणे सूचना द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या सूचनेला म्हणाली, "बोलू नका, तोल जातो." माझा जायचा, तिचा नव्हे. खडीच्या तुकड्यावर मी डोळे मिटले. तिने दोन्ही ब्रेक संगट धरले, आधी मागचा. उसाची ट्रॅक्टर ट्रॉली ओव्हरटेक केली तेव्हा मी तिच्या पदराला गच्च धरून होतो, हे इथे लिहितोय ते फक्त नोंद म्हणून.

बस गाठली. सगळी लाईन खिडक्यांतून डोकावत होती. सत्तार ओरडला, "लीडर, काय ट्रेनिंग दिलंय वैनीला!" मी नम्रपणे हात वर केला. शेवटी श्रेय लपत नाही. आत गेल्यावर तो म्हणाला, "महिनाभर आमच्या घरची ट्रेनर दुपारची गायब व्हती. तुमची आई मागं बसायची, वजनाला. दोनदा पडल्या दोघी." मी खिडकीबाहेर बघितलं.

खिडकीतून अनिता दिसली. इंडिकेटर देऊन वळली. मी कधीच देत नाही.

दुपारी चारला घरी. घरात कुणी नाही असं वाटलं, म्हणजे आई होती, प्रांजल होती. चहा मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतः केला. उतू गेला. पुन्हा केला. गाईने मला बघून बादलीला लाथ मारली. प्रांजलने भाकरी थापायला शिकवली. थेअरी नाही, डायरेक्ट तव्यावर. एका भाकरीचा आकार महाराष्ट्रासारखा आला. चारच भाकरी झाल्या, पण बाहेर बघतो तर दिवेलागण. एवढा वेळ गेला कुठे?

अनिता आली. हातभर कापडावर आखायच्या खडूची पूड. म्हटलं, आज बरंच सांगायचंय. कसं झालं, बाई काय म्हणाल्या, गाडी कुठे लावली. तिने महाराष्ट्र खाल्ला, चांगला झालाय म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली. तोंडात घास होता.

मी हळूच हाक मारणार, तर आई म्हणाली, "उठवू नगं तिला. सकाळी लवकर उठायचंय."
म्हटलं, मलापण उठायचंय, फर्स्ट शिफ्ट आहे.
"व्हय की," आई म्हणाली, "आन् त्याच्या आधी तीन डबं भरायचंत तुला."