भैरवी राहिली

३ जानेवारी
कळंबच्या रिसॉर्टवर पाण्याचे वीस जार उतरवले. काउंटरवर वैजू. 'मागच्या दारानं ठेव, रिकामे तिथंच आहेत.' संपलं. नाव घेतलं नाही. अकरा महिने झाले, घेत नाही. आधी 'ए येड्या' तरी म्हणायची.
येताना टेंपोत मागं नुसते रिकामे जार. वाऱ्यानं त्यांच्या तोंडातून आवाज निघतो. जाड, खोल. हुबेहूब अण्णा, वैजूचे बाबा. गाडी बाजूला घेऊन मागं जाऊन बघितलं. जारच होते. दुसरं काय असणार.

५ जानेवारी
भजनाला चौघे कसे बसायचे ते लिहून ठेवतो. विसरलो तर माझ्यासारखा करंटा मीच.
मध्ये नामदेवबुवा, पेटीवर. उजवीकडे शांतारामकाका, तंबाखू खाणारा राकट माणूस आणि गळा पोरीसारखा कोवळा. डावीकडे पांडूमामा, पखवाज, मधला आवाज आणि गावभरच्या चुगल्या. टोकाला अण्णा. टाळ, मिटलेले डोळे. शेवटचं चरण चौघे वाटून घ्यायचे, वरून खाली. काका, बुवा, मामा, मग अण्णा. अण्णांची ओळ आली की बायका पोरांच्या तोंडावर हात ठेवायच्या. म्हातारे म्हणायचे, 'उतरला बघ विहिरीत.' आता तळ लागला असं वाटायचं, आणि अण्णा आणखी एक पायरी खाली.
कळंबला भर दुपारी लाइट गेली ती बैठक. माईक बंद, पंखे बंद. बुवा म्हणाले, 'लाइट गेली, गळा नाय गेला.' मंडपाच्या पत्र्याला लागून अण्णांचा आवाज परत आला तो थेट माझ्या बरगडीत. अजून तिथंच आहे.
वै. समोर बायकांत. ती बापाकडं बघत होती, मी तिच्याकडं. नंतर चहाला मामा: 'भजनाला येतोस का दर्शनाला रं?' चौघे खो खो हसले. अण्णा सगळ्यात शेवटी हसले. म्हणजे त्यांना माहीत होतं? विचारायचं राहिलं.

९ जानेवारी
आज लिहितोच.
पळसदरी, गेल्या वर्षीचा माघी गणपती. दुपारची बैठक. अण्णा शेवटच्या ओळीत, अगदी खाली गेलेले. आणि कमिटीचे दत्ताशेठ माईकवर, 'पांढरी गाडी कुनाची हाय, बाजूला घ्या.'
माझं डोकं. कॉलेज असंच सुटलं. माझ्या भजनाच्या नादावरून सर वर्गात 'या, बुवामहाराज' म्हणाले, मी बाक उलटा केला आणि निघून आलो तो आलोच. तसंच इथं. शेठची कॉलर धरून एक ठेवून दिली. मग शेठचे पुतणे, खुर्च्या, आरडाओरडा. पेटी मंचावरून खाली. बैठक मोडली, भैरवी न होता.
भैरवी घेतल्याशिवाय चौघे कधी उठले नव्हते. भैरवी, मग पेटीचा भाता बांधायचा, मगच पाणी. नाहीतर बैठक उघडी राहते.
घरी सोडताना टेंपोत अण्णा माझ्या शेजारी. रागावले नाहीत. 'अरं, गाडी खरंच आडवी हुती.' मग उतरताना, 'भैरवी ऱ्हायली पन.'
बाराव्या दिवशी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. मला जे कळायचं ते कळलं. तिघे त्यानंतर कुठंच भजनाला बसलेले नाहीत.

१४ जानेवारी
तिळगूळ घेऊन बुवांकडं. पेटी खाटेखाली, फडकं टाकून. भाता सुटाच. वर्षभर.
'बुवा, खराब होईल ती.'
'झालीच हाय. पन बांधू कसा? बैठक कुटं संपलीय?'
मी म्हणालो, मग तिघांनी जाऊन भैरवी घ्या. बुवांनी पेटीवरचं फडकं नीट केलं. मग, 'घेऊ. पन तितंच. पळसदरीला. आनि आधी तू माईकवर दत्ताशेठची माफी मागशील.'
'मी नाय.'
'मग बस बोंबलत.'
उठून आलो. शिळफाट्यावर आल्यावर बघतो तर पायात बुवांच्या चपला.

१६ जानेवारी
चपला परत केल्या. दत्ताशेठकडंही गेलो. माईकवर माफी मागतो, माघीला बैठक द्या म्हणालो. ऐकून घेतलं त्यांनी. कान चोळत म्हणाले, 'अजून वाजतोय रं हा.' मग म्हणाले, 'ती गाडी माझ्याच जावयाची निघाली. घरात कोन बोलंना माझ्याशी आठ दिवस.' हसू आलं, दाबलं. बैठक तीन ते पाच. पाचला आरती, मग पंगत. 'पाचच्या पुढं एक मिनिट नाय.'
बरं वाटतंय. वै.ला उद्या-परवा सांगतो. ती नाव घेईल माझं.

१८ जानेवारी
सांगितलं. जार उतरवायच्या आधीच सांगितलं, एवढी घाई.
ती पेन खाली ठेवून म्हणाली, 'कुणी सांगितलं तुला हे करायला?'
'अगं, भैरवी राहिली होती ना.'
'राहू दे. दुपारी घरात टाळ वाजतो. मला ऐकू येतो. आई म्हणते मनाचे खेळ. असू देत खेळ. बैठक उघडी आहे म्हणून बाबा बसलेत. भैरवी झाली की उठणार ते.'
मी टेंपोकडं वळलो. ती हळू आवाजात, काउंटरवर गिऱ्हाईक होतं म्हणून, 'एकदा उठवलंस त्यांना. परत उठवू नकोस.'
जार कसे उतरवले आठवत नाही.

२० जानेवारी
बुवांना म्हणालो, रद्द करा. तिचं सांगितलं सगळं. बुवांनी डोळे पुसले पण ऐकेनात.
'ती लेक हाय त्याची. मी जलमभर मांडीला मांडी लावून बसलोय. मला बी ऐकू येतो तो, जेवताना. घास उतरत नाय. दमला आसंल रं तो. किती बसवायचा?'
दोघांनाही ऐकू येतो. मी जारांचं कुणालाच बोललो नाही.
भैरवी झाली तर वै. हातची गेली. नाही झाली तर अण्णा ताटकळत. आणि मी उलटे प्रश्न विचारतो स्वतःला. झाली तर माझे जार गप्प होतील का? मला व्हायला हवेत का?

२२ जानेवारी, माघी गणपती
पळसदरी. मंडपाच्या दारासमोर टेंपोत बसून लिहितोय. सव्वापाच.
माफी मागितली. जीभ लाकडाची. शेठ खालून, 'मोठ्यानं बोल, मारताना चांगला जोर हुता!' सगळा मंडप हसला. मीही.
तिघे बसले. टोकाची जागा रिकामी. पहिल्याच अभंगाचं शेवटचं चरण. काका, बुवा, मामा. आणि मग चौथी ओळ कुणीच घेतली नाही. मामांचा पखवाज तेवढा ठेका धरून होता. अख्खी ओळभर. एक म्हातारा रडला.
पावणेपाचला बुवांनी भैरवीचा सूर धरला. बायकांतून वै. उठली. 'बुवा, अजून एक.'
फर्माईश चौघांनी कधी मोडलेली नाही. ती बुवांना मोडता येईना. सूर सोडला, अभंग घेतला. तो संपतो तर ती पुन्हा उभी. 'अजून एक, काका.' पाच वाजले. आरतीची ताटं तयार. 'अजून एक, मामा.' काकांचा गळा बसत चाललाय. ती बसायलाच तयार नाही आता, उभीच आहे.
दत्ताशेठ आत्ता इथं आले. घाम फुटलेला.
'पंगत खोळंबलीय रं. सांग ना त्यांना.'
'तुमी सांगा. तुमचा माईक.'
'मी? मी नाय बाबा माईकला हात लावत भजनात.' कॉर्डलेस माईक माझ्या मांडीवर ठेवला आणि गेले.
अभंग संपला. ती मंडपाच्या दाराकडं वळलीय, इकडंच बघतेय. बुवाही. 'भैरवी घ्या' म्हणू, का 'अजून एक'? बटण माझ्या अंगठ्याखाली